आधी भिंतीतल्या नळ्या, मग मोटर

पत्र: नमस्कार ताई. आम्ही कॅनडात, ऑन्टारियोमधल्या मिल्टनला नवं घर घेतलंय. दोन मजली, साधारण २४०० चौरस फूट. सध्या नुसता लाकडी सांगाडा उभा आहे. सेंट्रल व्हॅक्यूम म्हणजे यंत्र गॅरेजमध्ये आणि कचरा भिंतीतल्या नळ्यांतून तिकडे ओढला जातो. बिल्डरने त्याचं रफ-इन दिलंय, म्हणजे भिंतीत नळ्या त्यांच्या, यंत्र आपण घ्यायचं. डिझाइन सेंटरवाले (घरातल्या वस्तू निवडायचं बिल्डरचं दालन) त्यांचंच पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेत. स्वतः शोधायला गेलं तर एअर वॉट, वॉटर लिफ्ट, सीएफएम वाचून डोकं गरगरतं. खाली लाकडी फरशी आहे, वरच्या चारही खोल्यांत कार्पेट. पुढच्या वर्षी नाशिकहून सासूबाई कायमच्या आमच्याकडे येतायत. त्यांना दमा आहे आणि धुळीचा फार त्रास होतो, म्हणूनच हा सगळा खटाटोप. कोणतं यंत्र घेऊ? आणि माझा धाकटा भाऊ तळेगावला बंगला बांधतोय, तो म्हणतो मीही बसवून घेतो. त्याला काय सांगू? – एक वाचक, मिल्टन

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: सांगाडा उभा आहे. म्हणजे भिंती अजून उघड्या आहेत आणि आतल्या नळ्या डोळ्यांनी दिसतायत. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे पत्रे, चढले की त्या पुन्हा कधी दिसणार नाहीत. गॅरेजमधलं यंत्र तासाभरात बदलता येतं, पाइप आणि ब्रश तर दुकानातून उचलून आणता येतात. भिंतीतली नळी मात्र घराच्या आयुष्यभरासाठी असते. म्हणून यंत्राची चौकशी महिनाभर बाजूला ठेवा आणि बिल्डरच्या साइटवरच्या माणसाकडून ड्रायवॉल लागण्याआधीची एक वेळ मागून घ्या. सगळे बिल्डर आपणहून बोलावत नाहीत, त्यामुळे लेखी ईमेल करून मागा.

मी इतक्या आग्रहाने सांगतेय, त्यामागे आमचा अनुभव आहे. मिसिसागातल्या आमच्या पहिल्या घरात वरच्या मजल्यावर सक्शन हळूहळू कमी होत गेलं. मोटर जुनी झाली असेल असं वाटून आम्ही चांगली मोठी नवी मोटर घेतली. फरक शून्य. मग एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने खालून-वरून तपासून भिंतीतली जागा सांगितली. ड्रायवॉल कापली तेव्हा आत सांडपाण्याच्या नळाला लावतात तसा काटकोनी एल्बो निघाला. त्यात मुलाचा छोटा मोजा अडकला होता आणि त्यामागे वर्षभराचे केस घट्ट बसले होते. नळ्या टाकणाऱ्याने हाताशी असलेला एल्बो लावून काम उरकलं होतं. घरात राहणाऱ्यांना हे कळायला काही मार्गच नव्हता.

तर साइटवर गेल्यावर पहिली बघायची ती वळणं. उत्तर अमेरिकेत सेंट्रल व्हॅक्यूमची नळी दोन इंच बाहेरच्या व्यासाची, पातळ भिंतीची पीव्हीसी असते. तिची जोडणी खास याच कामाची आणि आतून गुळगुळीत असते. नळी जिथे वळते तिथे लांब, ऐसपैस वळण हवं. आखूड काटकोनी वळण फक्त एका जागी योग्य, भिंतीवरच्या तोंडाच्या, म्हणजे हातातला पाइप जिथे खोचतात त्या जागेच्या, लगेच मागे. तिथे ते मुद्दाम लावतात. पेन्सिल किंवा खेळण्याचा तुकडा आत गेला तर तो पहिल्याच वळणाला, आपला हात पोचेल अशा जागी अडतो, खोल जात नाही. बाकी कुठेही आखूड वळण दिसलं तर फोटो काढा आणि बदलून मागा. नळी लाकडी खांबांतून आरपार जाते तिथे खांबावर लोखंडी पट्टी ठोकली आहे का, तेही बघा. नाहीतर ड्रायवॉलचा स्क्रू थेट नळीत शिरतो. नळी घरातून गॅरेजमध्ये जाते तिथली फटही बुजवलेली हवी, कारण गाडीचा धूर घरात येता कामा नये.

जाताना ३० फूट सुतळी सोबत न्या. या यंत्रांचा पाइप साधारण ३० ते ३५ फुटांचा असतो. भिंतीतल्या तोंडापाशी एक टोक धरा आणि दुसरं टोक घेऊन चालत जा, पण सरळ रेषेत नाही. पलंग कुठे येणार, दिवाण कुठे, जेवणाचं टेबल कुठे, हे मनात धरून त्याला वळसा घालून जा. प्रत्येक खोलीच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत आणि जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत सुतळी पोचली पाहिजे. बिल्डर सहसा मजल्याला एकच तोंड देतात आणि नकाशावर ते पुरेसं दिसतं. सुतळी अपुरी पडली तर आत्ताच एक वाढवून मागा. भिंत उघडी असताना हे काम थोडक्यात होतं.

आता विजेचं. वर चार खोल्या कार्पेट म्हणजे तुम्हाला विजेवर फिरणारा ब्रश लागणार, ज्याला दुकानदार पॉवरहेड म्हणतात. दुसरा प्रकार हवेच्या झोतावर फिरणाऱ्या टर्बाइन ब्रशचा. तो स्वस्त आणि हलका, पण ब्रश फिरवायला तो ओढीतलीच ताकद वापरतो, आणि दाट कार्पेटवर दाबलं की मंदावतो. सतरंजी, पातळ गालिचा यांना तो चालेल. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटमधून बारीक रेती उपसायची तर स्वतःची मोटर असलेला ब्रशच हवा. पैसे वाचवायचे झाले तर यंत्रात वाचवा, पॉवरहेडमध्ये वाचवू नका. रोज हातात तोच असतो, कार्पेट साफ होतं ते त्याच्यामुळे. विकत घेण्याआधी दुकानात तो स्वतः ढकलून बघा. हल्लीच्या फार मऊ कार्पेटांवर काही ब्रश चिकटून बसतात, त्यामुळे उंची कमी-जास्त करता येणारा घ्या.

या ब्रशला १२० व्होल्टची वीज लागते. रफ-इनमध्ये नळीबरोबर जी बारीक वायर असते ती मात्र फक्त यंत्र चालू-बंद करणारी, कमी व्होल्टची. ब्रशला वीज द्यायचे मार्ग दोन. एक, पाइपच्या टोकाला छोटी वायर असते, ती शेजारच्या सॉकेटमध्ये लावायची. त्यासाठी तोंडापासून सहा फुटांच्या आत सॉकेट हवं. दुसरा, भिंतीतल्या तोंडातच वीज आणायची, म्हणजे पाइप खोचला की झालं. दुसरा मार्ग सोयीचा, पण तो आत्ताच करावा लागतो आणि लायसन्सधारक इलेक्ट्रिशियननेच करायला हवा. गॅरेजमध्ये नळी संपते तिथे यंत्रासाठी स्वतंत्र सर्किट आहे का, किती अँपिअरचं आहे, हेही विचारून घ्या. बरीच यंत्रं १५ अँपिअरवर चालतात, मोठ्यांना २० लागतात. हे कळलं की दुकानात निम्मी मॉडेल्स आपोआप बाजूला पडतात.

पाइप आपोआप भिंतीत ओढून घेणारी पद्धतही मिळते आणि बघायला फार छान वाटते. तिच्या नळ्यांची मांडणी मात्र वेगळी असते, कारण सगळा पाइप त्या नळीतच जाऊन बसतो. साध्या रफ-इनवर ती नंतर बसवता येईल असं धरून चालू नका. हवी असेल तर आत्ता सांगा, नाहीतर विसरून जा.

शेवटी, प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी धरून. ड्रायवॉल लावणारे घाईत असतात आणि एखादं तोंड भिंतीआड गाडलं जाणं काही दुर्मीळ नाही. घराचा ताबा घेण्याआधीच्या तपासणीला जाल तेव्हा एखादा शॉप-व्हॅक, म्हणजे कामाच्या जागी वापरतात तसा सुटा व्हॅक्यूम, मागून न्या. गॅरेजमधल्या नळीला त्याचा पाइप धरा आणि घरभर फिरून प्रत्येक तोंड उघडून तळहात लावा. ओढ जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर तिथल्या तिथे तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.

एवढं झालं की यंत्राकडे वळू. तुम्हाला गरगरायला लावणारे ते तीन आकडे भावाला विचारले असते तर त्याने बोअरवेलच्या पंपावरून समजावले असते. पंपाला हेड असतं आणि डिस्चार्ज असतो. पाणी किती उंच चढतं ते हेड, किती पडतं तो डिस्चार्ज. पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर दाब सगळ्यात जास्त, पाणी शून्य. पूर्ण उघडला तर पाणी भरपूर, दाब नाही. इथे वॉटर लिफ्ट म्हणजे हेड: तोंड पूर्ण बंद असताना यंत्र पाण्याचा किती इंच स्तंभ उचलेल. सीएफएम म्हणजे डिस्चार्ज: तोंड मोकळं असताना मिनिटाला किती घनफूट हवा वाहील. खोक्यावर दोन्हींचे कमाल आकडे मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कचरा उचलायला एकाच वेळी थोडा दाब आणि थोडा प्रवाह लागतो. त्या मधल्या अवस्थेत दोन्हींचा गुणाकार करून त्याला साडेआठच्या आसपासच्या संख्येने भागलं की एअर वॉट निघतात. म्हणून तुलना करायची ती एअर वॉटची, आणि तीसुद्धा एएसटीएम एफ५५८ या चाचणीनुसार मोजलेल्या. हा उल्लेख नसेल तर आकडा सोडून द्या. मोटर किती वॉट वीज खाते किंवा किती हॉर्सपॉवरची आहे, यावरून सक्शनबद्दल काहीच कळत नाही.

तुमच्या घराला ५५० ते ६५० एअर वॉटचं, एका मोटरचं यंत्र पुरेसं आहे. दोन मोटरवालं घेऊ नका. ‘१०,००० चौरस फुटांपर्यंत चालेल’ असल्या लेबलांकडेही बघू नका, कारण यंत्राला घराचं क्षेत्रफळ कळत नसतं. त्याला कळते ती सगळ्यात लांबच्या तोंडापर्यंतची नळी आणि तिच्यातली वळणं. कंपनी कोणती, याने फार बिघडत नाही. क्युबेकमध्ये बनणारी सायक्लो व्हॅक, ड्युओव्हॅक, ड्रेनव्हॅक इथे सहज मिळतात. दोन इंची नळी सगळ्यांची सारखीच असल्याने बिल्डरच्या नळ्यांवर यांपैकी कुठलंही बसतं. म्हणूनच डिझाइन सेंटरचं पॅकेज घेण्याची गरज नाही. तिथे घेतलेली वस्तू घराच्या किमतीत मिसळते आणि तुम्ही गृहकर्ज फिटेपर्यंत तिच्यावर व्याज भरता. ताबा मिळाल्यावर सेंट्रल व्हॅक्यूमचंच काम करणाऱ्या स्थानिक दुकानात जा. ऑनलाइन स्वस्त दिसलं तर वॉरंटी फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यासच लागू होते का, ते आधी वाचा.

आता हवेचा मुद्दा, कारण सासूबाईंसाठी तोच खरा. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी आपलं सक्शनचं यंत्र काढलं तेव्हा ते घोडागाडीवर, रस्त्यात उभं असायचं. घरात यायच्या त्या फक्त खिडकीतून सोडलेल्या नळ्या. पुढे यंत्र लहान होत घरात आलं आणि त्याच्यामागून गाळणीतून निसटणारी बारीक धूळही खोलीत आली. सेंट्रल व्हॅक्यूमने यंत्र परत घराबाहेर नेलं, आणि एवढाच त्याचा आरोग्याचा फायदा. तो मिळवायचा असेल तर यंत्राची बाहेर पडणारी हवा खरोखर घराबाहेर, भिंतीला भोक पाडून सोडली पाहिजे. काही जण ती गॅरेजमध्येच सोडतात, तसं करू नका. भिंतीवरचं ते तोंड घरात ताजी हवा घेणाऱ्या तोंडापासून लांब ठेवा. हिवाळ्यात ऊबदार हवा बाहेर जाईल ही भीती बाळगू नका. मिनिटाला १०० घनफुटांनी २० मिनिटांत २००० घनफूट हवा जाते, तुमच्या घरात २०,००० च्या आसपास आहे. फक्त व्हॅक्यूम चालू असताना चिमणीवाली गॅसची किंवा लाकडाची फायरप्लेस पेटती ठेवू नका, धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

हवा बाहेर जात असेल तर अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या महागड्या हेपा गाळणीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पिशवी लागणारं यंत्र घ्या. बिनपिशवीचं वरकरणी स्वस्त पडतं, पण यंत्राची कचऱ्याची बादली रिकामी करताना जो लोट उठतो त्यात महिनोन्महिन्यांची धूळ एका मिनिटात नाकात जाते. पिशवी तोंड बंद करून टाकता येते. वर्षातून दोन-चारदा करायचं काम आहे, ते तुमच्या मिस्टरांनी गॅरेजमध्ये, मास्क लावून करावं. सासूबाईंनी नाही.

नव्या घरात शिरल्यावर एक मोह आवरा. ड्रायवॉलची पांढरी भुकटी सगळीकडे असेल, आणि हाताशी नवं यंत्र. त्याने ती ओढू नका. ती इतकी बारीक असते की गाळणी चोंदते आणि मोटरपर्यंत पोचते. रांगोळीचंही तसंच. दिवाळीत दारातली रांगोळी आधी झाडूने सुपलीत भरा, उरलेलं पुसून घ्या. ओलं काहीही नाही: भिजलेला भात नाही, नारळाचा चव नाही. केसांच्या पिना आणि टूथपिक नळीत आडव्या बसतात. आपल्या लांब केसांचा ब्रशला पडणारा वेढा महिन्यातून एकदा कात्रीने कापून काढा. कधी सक्शन कमी वाटलं तर पाइप काढून भिंतीच्या तोंडाला तळहात लावा. तिथे जोर असेल तर अडथळा पाइपमध्ये आहे, भिंतीत नाही. पाइप उलटा जोडून ओढला की बहुतेक वेळा निघतो. आणि पाइप थंडीत गॅरेजमध्ये टांगू नका, तो कडक होतो. घरातल्या कपाटात ठेवा.

स्वयंपाकघरात एक वस्तू नक्की बसवा, आणि तीही आत्ताच सांगा. ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी जमिनीलगत एक चपटं तोंड येतं. पायाने ढकललं की उघडतं, आणि झाडूने लोटलेला कचरा तिथे आपोआप आत जातो. कांद्याची टरफलं, लसणाची सालं, पोळीचं पीठ. सत्तरीच्या बाईला ३० फुटी पाइप घेऊन जिना चढायला सांगणं बरोबर नाही, तो चांगलाच जड लागतो. पण केरसुणी त्यांच्या हाताला आयुष्यभराची सवयीची आहे. सुपली भरायला वाकायचं नाही, धूळ उडत नाही. नव्या देशात, नव्या घरात एक काम तरी त्यांना स्वतःच्या पद्धतीने करता येईल.

तळेगावच्या भावाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. तिथे फरशी आहे, कार्पेट नाही, आणि रोज ओल्या फडक्याने पुसलेली फरशी कुठल्याही व्हॅक्यूमपेक्षा स्वच्छ असते. इथे लाकडी खांबांमधल्या पोकळीतून नळी सहज जाते. तिथे अर्ध्या विटेच्या भिंतीत दोन इंच खोल खाच मारली तर भिंतच उरत नाही. शिवाय नळ्या प्लंबरने टाकल्या तर तो सांडपाण्याचेच एल्बो लावणार, म्हणजे आमची गोष्ट पुन्हा. त्याने तो पैसा सगळ्या खिडक्यांच्या चांगल्या जाळ्यांवर घालावा. इथून युनिट पाठवण्याचा विचार असेल तर तोही सोडा, तिकडे २३० व्होल्ट आहेत.

आता दमा. विक्रेते सांगतील की याने ॲलर्जी जाते. त्यावर विसंबू नका. उपचार डॉक्टर ठरवतील. घराच्या बाजूने बोलायचं तर धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तेव्हा सगळ्यात जास्त फरक पडतो तो बिछान्याने. गादी-उशीला झिप असलेली घट्ट विणीची आवरणं, चादरी दर आठवड्याला निदान ५५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुणं, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. फर्नेसला, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राला, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर जोडणार असाल तर तो वाजवीपेक्षा वर ठेवू नका. व्हॅक्यूम चालू असताना आणि नंतर अर्धा तास सासूबाई त्या खोलीत नसाव्यात, कारण फिरता ब्रश थोडी धूळ उडवतोच.

आणि कार्पेट. व्हॅक्यूम वरची धूळ काढतो, पण धाग्यांना धरून खोल बसलेले जिवंत किडे तो उपसू शकत नाही, कितीही एअर वॉटचा असो. तुम्ही वरच्या चारही खोल्यांत कार्पेट लिहिलंत. त्यातली एक सासूबाईंची आहे. तिथे लाकडी फरशी करायला जितके डॉलर लागतील तितके यंत्राच्या बजेटमधून काढावे लागले तरी काढा. शक्य असेल तर त्यांची खोली जिन्याच्या जवळची ठेवा. फरशीची निवड बदलायची शेवटची तारीख डिझाइन सेंटरला आजच विचारा. ती बहुधा ड्रायवॉलच्याही आधीची असते.

तुमची,
ताई